गेमिंगसाठी ओव्हरक्लॉकिंग: हाती काय लागतं, पणाला काय लागतं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

असेंबल्ड पीसीवर गेम खेळणाऱ्या आणि बायॉस (बोर्डाच्या मूळ सेटिंगचं पान) उघडायला न घाबरणाऱ्या, पण नवीन ग्राफिक कार्डासाठी घरून पुन्हा पैसे मिळणार नाहीत हेही ठाऊक असलेल्या मंडळींसाठी हे लिहिलं आहे. माझं मत आधीच सांगतो. आज रॅमचं प्रोफाइल (रॅममध्ये साठवलेली जास्त वेगाची सेटिंग) चालू करणं आणि कार्डाचं व्होल्टेज कमी करणं यांत फायदा जास्त आणि धोका कमी आहे. प्रोसेसरचं व्होल्टेज वाढवण्यात नेमकं उलटं आहे. खालची बहुतेक उत्तरं त्याच हिशेबाने दिली आहेत.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नेमकं काय करतात?

प्रोसेसर, ग्राफिक कार्ड किंवा रॅम कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवतात. आजच्या डेस्कटॉप प्रोसेसरचा वेग म्हणजे १०० मेगाहर्ट्झचा मूळ क्लॉक गुणिले एक आकडा. हा गुणक ५० असेल तर वेग ५ गिगाहर्ट्झ. गुणक वाढवणं सोपं आहे, पण एका मर्यादेपलीकडे ट्रान्झिस्टरना तेवढ्या वेळात स्थिती बदलता येत नाही, गणितं चुकायला लागतात आणि पीसी हँग होतो. मग व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि खरा खर्च तिथून सुरू होतो. विजेचा वापर वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही १०-१० टक्के वाढवलं तर वीज साधारण ३३ टक्के जास्त लागते. ती सगळी उष्णता होऊन तुमच्या कॅबिनेटमध्ये उतरते.

गेममध्ये किती फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढतील ते सांगा.

आधी तुमचा गेम कशामुळे अडतोय ते बघा. एमएसआय आफ्टरबर्नर हे ग्राफिक कार्डाचं सॉफ्टवेअर टाका, स्क्रीनवर आकडे दिसतील असं करा आणि व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) व फ्रेमची मर्यादा बंद करून अर्धा तास खेळा. ग्राफिक कार्डाचा वापर ९७ ते ९९ टक्क्यांवर चिकटून असेल तर कार्डाचा जोर संपलेला आहे. अशा वेळी प्रोसेसर कितीही पळवला तरी फ्रेम वाढणार नाहीत. वापर ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर प्रोसेसर किंवा रॅम मागे पडते आहे. प्रोसेसरचा एकूण वापर ३० टक्के दिसला म्हणून तो मोकळा आहे असं समजू नका. गेमचं मुख्य काम (मेन थ्रेड) एकाच कोअरवर चालतं आणि तो एक कोअर घामाघूम झालेला असू शकतो. शंका राहिली तर रिझोल्यूशन १४४० वरून ७२० वर आणा. फ्रेम वाढल्या नाहीत तर दोष कार्डाचा नाही.

आता आकडे. ग्राफिक कार्ड ओव्हरक्लॉक करून साधारण ५ ते १० टक्के मिळतात, तेही कार्ड चांगलं निघालं तर. ६० फ्रेममध्ये ५ टक्के म्हणजे ३ फ्रेम. बेंचमार्कच्या तक्त्यात दिसतात, डोळ्यांना दिसत नाहीत. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारखे गेम कमी सेटिंगवर, १४४ किंवा २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर खेळत असाल तर चित्र वेगळं असतं. तिथे प्रोसेसर आणि रॅमचा वेग खरोखर कामाला येतो. सरासरीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे सगळ्यात मंद १ टक्का फ्रेम सुधारतात, म्हणजे ऐन चकमकीत बसणारा झटका कमी होतो.

४-के वर कथाप्रधान गेम खेळणाऱ्याने प्रोसेसरच्या ओव्हरक्लॉकिंगवर एक रविवारसुद्धा घालवू नये.

पूर्वी लोक दीडपट वेग काढायचे म्हणतात. आता का निघत नाही?

काढायचे, खरंच. १९९८चा इंटेलचा सेलेरॉन ३००ए हे त्याचं गाजलेलं उदाहरण. गुणक ४.५ वर पक्का होता, पण बोर्डावरची बस, म्हणजे तेव्हाचा मूळ क्लॉक, ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा प्रोसेसर ४५० वर जायचा. स्वस्तातला माल महागड्या पेंटियम २ च्या तोडीला यायचा. २०११च्या कोअर आय५-२५००के पर्यंत ही मजा टिकली. त्याचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, टर्बोमध्ये (आपोआप चढणारा वेग) ३.७, आणि बऱ्या एअर कूलरवर (प्रोसेसरवर बसणारा फॅनवाला कूलर) तो ४.५ सहज गाठायचा.

त्या काळी कंपन्या बरीच शिल्लक ठेवून माल विकत होत्या. आता ती शिल्लक त्या स्वतःच वापरतात. कोअर आय९-१४९००के दुकानातूनच ६ गिगाहर्ट्झचा टर्बो घेऊन येतो. एनव्हीडियाच्या कार्डांत २०१२च्या जीटीएक्स ६८० पासून जीपीयू बूस्ट आहे. तापमान आणि वीज परवानगी देईल तोवर कार्ड आपणहून वर चढत राहतं. चांगले प्रोसेसर निवडून, तपासून चढ्या किमतीला विकणारं सिलिकॉन लॉटरी नावाचं एक अमेरिकन दुकान होतं, तेही २०२१ मध्ये बंद झालं. निवडण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं.

माझा प्रोसेसर आणि बोर्ड चालेल का?

इंटेलमध्ये नावाच्या शेवटी ‘के’ हवा आणि बोर्ड झेड मालिकेचा हवा. बी६६० किंवा बी७६० बोर्डावर रॅम वाढवता येते, प्रोसेसरचा गुणक नाही. एच६१० वर दोन्ही नाही. दुकानदार आय५ ‘के’सोबत एच६१० चिकटवत असेल तर त्या ‘के’चे पैसे वाया गेले समजा.

एएमडीचे बहुतेक रायझन मोकळे असतात, म्हणजे गुणक बदलता येतो, पण ए५२० आणि ए६२० बोर्डांवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. एक्स३डी प्रोसेसरांची गोष्ट निराळी आहे. ५८००एक्स३डी पूर्ण बंद, ७८००एक्स३डीचा गुणक बंद पण कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी करण्याची एएमडीची सोय) चालतो, आणि २०२४च्या ९८००एक्स३डीपासून कुलूप काढलं. हे प्रोसेसर गेममध्ये पुढे असतात ते ९६ एमबी एल३ कॅशमुळे (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी), त्यामुळे त्यांचा वेग रेटण्यात फारसा अर्थही नाही.

रॅम ६०००ची घेतली, टास्क मॅनेजर ४८०० दाखवतोय. फसवणूक झाली का?

नाही. हा प्रश्न इतके जण विचारतात की बोर्डाच्या खोक्यावरच उत्तर छापायला हवं. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा लावली की ती प्रमाणित वेगावर, बहुधा ४८०० वर आणि १.१ व्होल्टवर चालू होते. खोक्यावरचा ६००० हा आकडा रॅममध्ये साठवलेल्या वेगळ्या प्रोफाइलचा असतो. इंटेल त्याला एक्सएमपी म्हणते, एएमडी एक्सपो. बायॉसमध्ये जाऊन ते प्रोफाइल निवडायचं, सेव्ह करायचं, संपलं. कित्येक पीसी वर्षानुवर्षं हे न करता चालतात आणि मालक ‘गेम अटकतो’ म्हणून ग्राफिक कार्ड शोधत फिरतो.

फरक किती पडतो? ४८०० सीएल४० रॅमची कॅस लेटन्सी (माहिती मागितल्यावर ती मिळायला लागणारा वेळ) सुमारे १६.७ नॅनोसेकंद येते, तर ६००० सीएल३० ची १०. प्रोसेसरमुळे अडणाऱ्या गेममध्ये हा फरक जाणवतो. एक्स३डीवर कमी जाणवतो, कारण मोठ्या कॅशमुळे रॅमकडे जायची गरजच कमी पडते.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. दोन स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या. चार स्टिक लावायचा मोह टाळा. रायझन ७००० मालिकेत चार स्टिकसाठी एएमडीचा अधिकृत वेग फक्त ३६०० आहे, ६००० मिळालं तर ते नशीब. आणि एएम५ बोर्डावर (रायझन ७००० मालिकेच्या सॉकेटचा बोर्ड) प्रोफाइल बदलल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. बोर्ड तेव्हा रॅमची जुळवणी करत असतो. घाबरून मेन स्विच बंद करू नका. दिवसा लोडशेडिंग असेल तर हे काम यूपीएसवर करा.

ग्राफिक कार्ड ओव्हरक्लॉक करायचंच आहे. कसं करू?

आफ्टरबर्नरमध्ये वीज-मर्यादेचा स्लायडर थोडा वर घ्या, फॅन लवकर जोरात फिरेल असा त्याचा आलेख ठेवा. मग कोअर क्लॉक १५-१५ मेगाहर्ट्झने वाढवत प्रत्येक वेळी जड गेम २० मिनिटं चालवा. पडला की दोन पायऱ्या खाली या. मेमरी १००-१०० ने वाढवा. स्क्रीनवर ठिपके, रंगीत चौकोन, उडणारे त्रिकोण दिसले की मेमरी किंवा कोअर थकल्याची ती खूण.

जीडीडीआर६एक्स मेमरी असलेली कार्डं मात्र फसवतात. त्यांच्यात चूक ओळखून तीच माहिती पुन्हा पाठवायची सोय असते. त्यामुळे मेमरी जास्त ताणली तरी स्क्रीनवर काहीच दिसत नाही, आकडा वाढत जातो आणि फ्रेम मात्र कमी होतात. म्हणून प्रत्येक पायरीला फ्रेम मोजा, नुसता क्लॉक पाहून खूश होऊ नका.

एनव्हीडिया आणि एएमडी दोघांच्याही सॉफ्टवेअरमध्ये आपोआप ट्यूनिंगचं बटण असतं. ते फार धाडस करत नाही. नवख्याने तेवढ्यावर थांबलं तरी हरकत नाही.

अंडरव्होल्टिंग म्हणजे काय? त्यात वेग कमी होत नाही का?

मला विचाराल तर आपल्या हवामानात हीच खरी कमाई आहे. कारखान्यातून निघणारा चिपचा प्रत्येक तुकडा चालला पाहिजे म्हणून कंपनी सर्वात सुमार तुकड्यालाही पुरेल इतकं व्होल्टेज सगळ्यांना देते. तुमचा तुकडा बरा असेल तर त्यातलं बरंच व्होल्टेज फुकट जातं. ते कमी केलं की उष्णता घटते, उष्णता घटली की बूस्ट जास्त वेळ टिकतो, आणि कित्येकदा वेग तोच राहतो किंवा किंचित वाढतो.

आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज व क्लॉकचा आलेख उघडतो. आरटीएक्स ३०८० सारख्या कार्डावर ०.९ व्होल्टच्या आसपास १८०० ते १९०० मेगाहर्ट्झ धरून ठेवण्याचा प्रयत्न लोक करतात. प्रत्येक कार्डागणिक हे आकडे बदलतात, म्हणून दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. आलेखाची कटकट नको असेल तर वीज-मर्यादा १०-१५ टक्के खाली ओढा. फ्रेम थोड्याच कमी होतात आणि फॅनचा आवाज मात्र स्पष्टपणे उतरतो.

रायझनमध्ये हेच काम कर्व्ह ऑप्टिमायझर करतो. उणे १० पासून सुरुवात करा. यूट्यूबवर कोणी उणे ३० सांगतो तो त्याच्या तुकड्याबद्दल बोलत असतो.

प्रोसेसर जळेल का?

नुसत्या तापमानाने सहसा जळत नाही. इंटेलचे बरेचसे डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांना आणि रायझन ७००० मालिकेतले बहुतेक ९५ अंशांना पोहोचले की स्वतःच वेग कमी करतात. फारच पुढे गेलं तर पीसी बंद होतो. मारतं ते व्होल्टेज, आणि तेही बहुधा हळूहळू. जास्त प्रवाह आणि जास्त तापमान यांनी चिपमधल्या सूक्ष्म तारांतले धातूचे अणू सरकतात, याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. शिवाय ट्रान्झिस्टरही झिजतात. लक्षण असं: वर्षभर नीट चाललेली सेटिंग एक दिवस चालेनाशी होते आणि त्याच वेगासाठी जास्त व्होल्टेज मागू लागते.

गेल्या काही वर्षांतल्या दोन घटना यासाठी समजून घेण्यासारख्या आहेत. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याची छायाचित्रं बाहेर आली. एक्सपो चालू केल्यावर काही बोर्ड एसओसीला (प्रोसेसरमधला रॅम वगैरे सांभाळणारा भाग) गरजेपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज देत होते. त्यानंतर बायॉस अपडेट देऊन ही मर्यादा १.३ व्होल्टवर आणली गेली. म्हणजे मालकाने फक्त रॅमचं प्रोफाइल निवडलं होतं, बाकीचा उद्योग बोर्डाने परस्पर केला.

दुसरी घटना इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीची. गेम सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येऊन ते बंद पडायचे. लोक ग्राफिक कार्ड बदलत राहिले, दोष प्रोसेसरमध्ये होता. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यामुळे तो कायमचा झिजत होता. ऑगस्टमधल्या ०एक्स१२९ या मायक्रोकोडने (बायॉस अपडेटसोबत येणारा प्रोसेसरचा आतला प्रोग्रॅम) ती मागणी १.५५ व्होल्टवर रोखली, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आला, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेली झीज मात्र कुठल्याच अपडेटने भरून येत नाही. यातल्या कित्येकांनी ओव्हरक्लॉकिंग केलेलंच नव्हतं. तुमच्याकडे या पिढ्यांचा आय७ किंवा आय९ असेल तर बाकी सगळं सोडून आज बायॉस अद्ययावत करा.

म्हणून माझा नियम: ‘ऑटो’ व्होल्टेजवर विश्वास ठेवायचा नाही. प्रोफाइल निवडल्यावर एचडब्ल्यूइन्फो हे व्होल्टेज-तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून बोर्ड खरंच किती देतोय ते बघायचं.

आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश असतं. परदेशी रिव्ह्यूमधले आकडे धरायचे का?

धरायचे, पण खोलीचं तापमान मिळवून. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच्या वर किती अंश राहणार एवढंच तो ठरवतो. हे एअर कूलरला लागू आहे तसंच पाण्याच्या कूलरलाही. रिव्ह्यू करणाऱ्याच्या खोलीत २२ अंश असताना प्रोसेसर ७५ वर असेल, तर चंद्रपूर किंवा जळगावच्या ३७ अंशांच्या बंद खोलीत तोच साधारण ९० वर जाईल. जानेवारीत रात्री जमवलेली सेटिंग एप्रिलमध्ये दुपारी कोसळते ती यामुळेच. चाचणी भर उन्हाळ्यात, दुपारी दोनला घ्या, कॅबिनेटचं झाकण लावून.

विदर्भात घरातला वाळ्याचा कूलर खोली खरंच थंड करतो, त्याचा फायदा घ्या, पण त्याचा झोत कॅबिनेटवर सोडू नका. कोकणात आणि गोव्यात गरमीपेक्षा दमट, खारी हवा आणि त्यात चिकटणारी धूळ त्रास देते. तिथे दर दोन-तीन महिन्यांनी ब्लोअर मारणं हेच सगळ्यात स्वस्त ओव्हरक्लॉकिंग.

सेटिंग स्थिर आहे हे कधी मानायचं?

बेंचमार्क एकदा पूर्ण झाला म्हणून नाही. रॅमसाठी मेमटेस्ट८६ किंवा टेस्टमेम५ रात्रभर, प्रोसेसरसाठी ओसीसीटी किंवा वाय-क्रंचर, आणि मग आठवडाभर नेहमीचा वापर. कर्व्ह ऑप्टिमायझर वापरत असाल तर गंमत अशी की पीसी जड गेममध्ये नीट चालतो आणि यूट्यूब बघताना रिस्टार्ट होतो. हलक्या कामात एखादा कोअर सर्वोच्च वेगाला जातो आणि तिथे व्होल्टेज कमी पडतं. एकेक कोअर तपासण्यासाठी कोअरसायक्लर वापरा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी दिसत असतील तर पीसी अजून पडला नसला तरी सेटिंग कच्ची आहे.

अस्थिर रॅमचा धोका लोकांना कळत नाही. ब्लू स्क्रीन आली तर बरंच, निदान कळतं. पण कधी कधी काहीच न होता चुकीचा बिट डिस्कवर लिहिला जातो. सेव्ह केलेला गेम उघडत नाही, लग्नाच्या फोटोंची झिप फाईल खराब निघते. ज्या पीसीवर कॉलेजचा प्रोजेक्ट किंवा दुकानाचे हिशेब आहेत, त्यावर प्रयोगाआधी बॅकअप घ्या.

वॉरंटी जाते का?

कागदावर हो. वेग किंवा व्होल्टेज बदललं तर वॉरंटी रद्द होऊ शकते असं इंटेल म्हणते. एएमडीच्या अटींत तर त्यांच्याच सॉफ्टवेअरमधून केलेलं ओव्हरक्लॉकिंगही बसत नाही. ‘के’ लावून जास्त पैसे घ्यायचे आणि वापरलं तर वॉरंटी नाही म्हणायचं, हा प्रकार मला पटत नाही, पण आहे तो असा. ओव्हरक्लॉकिंगने मेलेला प्रोसेसर बदलून देणारी इंटेलची एक सशुल्क योजना होती, ती २०२१ मध्ये बंद झाली. व्होल्टेज कमी करण्याने तुकडा मरत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न व्यवहारात उद्भवत नाही.

लॅपटॉपवर करू का?

वेग वाढवू नका. पातळ लॅपटॉप आधीच तापून वेग कमी करत असतो, त्यात भर घालून काय मिळणार? अंडरव्होल्ट जमलं तर उत्तम, पण डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षेतली त्रुटी उघड झाल्यापासून अनेक इंटेल लॅपटॉपांच्या बायॉसमध्ये ती सोय बंद केलेली आहे. थ्रॉटलस्टॉप हे लॅपटॉपचं व्होल्टेज बदलायचं सॉफ्टवेअर उघडून बघा, कुलूप असेल तर तिथे दिसेल. नसेल जमत तर मागची बाजू इंचभर उचला आणि थर्मल पेस्ट बदलून घ्या.

एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) कोणता हवा? स्टॅबिलायझर लावू का?

कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस असेल तर हे पान इथेच बंद करा. स्टिकरवरच्या वॉटवर जाऊ नका, नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस प्रमाणपत्राचा आणि गरजेपेक्षा दीडशे-दोनशे वॉट मोठा घ्या. चांगल्या एसएमपीएसला वेगळा स्टॅबिलायझर सहसा लागत नाही. लागतं ते नीट अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आरटीएक्स ४०९० सारख्या कार्डांच्या १६ पिनच्या कनेक्टरबद्दल एक सूचना: २०२२ पासून ते वितळल्याच्या तक्रारी आल्या आहेत. ४५० वॉटच्या कार्डाची वीज-मर्यादा आणखी वाढवण्याआधी कनेक्टर खट्ट आवाज होईपर्यंत बसला आहे का ते बघा. खरं तर वाढवूच नका.

९ गिगाहर्ट्झचे व्हिडिओ खरे असतात का?

खरे असतात. डिसेंबर २०२२ मध्ये कोअर आय९-१३९००के द्रव हेलियम ओतून ९ गिगाहर्ट्झच्या पुढे नेला होता. तो वेग जेमतेम नोंद होण्यापुरता टिकतो. त्यावर कोणी गेम खेळत नाही.

घरचे विचारतात, वीजबिल किती वाढेल?

ओव्हरक्लॉकिंगमुळे १०० वॉट जास्त लागले आणि रोज चार तास खेळलात तर महिन्याला १२ युनिट. आकडा लहान आहे, पण महावितरणच्या दरात युनिट वाढले की टप्पा बदलतो, आणि त्या खोलीत एसी असेल तर ती उष्णता बाहेर काढायची वीज वेगळी.

सेटिंग सेव्ह केली आणि आता स्क्रीनच येत नाही. काय करू?

पाच-दहा मिनिटं थांबा, बोर्ड स्वतःच जुन्या सेटिंगवर परत येतो का ते बघा. नाही आला तर एसएमपीएसचा स्विच बंद करून वायर काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवा, आणि बोर्डावरच्या सीएमओएस क्लिअरच्या (बायॉसची सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरने पाच-दहा सेकंद जोडा. पिना सापडत नसतील तर नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं काढून परत लावा. सगळी सेटिंग मूळ जागी येईल, रॅमसुद्धा पुन्हा ४८०० वर. म्हणून बायॉसमध्ये काही बदलण्याआधी त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवत जा.